विनूभाऊ बोलले नव्हते

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. दादा होता तेव्हा त्याला सांगितलं नाही. तो गेल्यावर त्याच्या फोटोलाही नाही. फोटोसमोर उदबत्ती लावताना माणूस काहीबाही पुटपुटतोच, मी तेवढंसुद्धा टाळते. आज लिहायला बसले आहे, तर एक वाक्य होतं आणि हात थांबतो. उठते, गॅसवर काही नसताना स्वयंपाकघरात एक फेरी मारून येते, पुन्हा बसते. तुम्ही समोर बसला आहात असं धरून चालले आहे. कोण आहात ते मला माहीत नाही — कदाचित म्हणूनच जमेल.

आधी आमच्याबद्दल सांगते. सरळ मुद्द्यावर यायला हवं, कळतं मला. पण थोडं थांबा.

मी रत्नागिरीतल्या एका शाळेत ग्रंथपाल होते. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर तिथेच थोरल्या भावाकडे राहायला आले. वहिनी आधीच गेल्या होत्या, त्यांचा मुलगा मंदार नोकरीसाठी मुंबईला, आणि दादा एकटाच. तो विज्ञान शिकवायचा. निवृत्तीनंतर कोकणातल्या झाडांवर लिहायला लागला होता — नाणा, किंजळ, सातवीण, अशा एकेका झाडावर दोन-दोन पानं. छापायला कुठे देत नसे. लिहायचा आणि मला वाचायला द्यायचा. मी वाचायची, एखाद्या शब्दाखाली रेघ मारायची, तो तोंड वाकडं करून तो शब्द बदलायचा. असं आमचं चाललं होतं. चांगलं चाललं होतं.

घरात वाचायचं काम माझं. विम्याचे कागद असोत, औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली बारीक अक्षरांची पट्टी असो, नाहीतर नगरपालिकेची नोटीस — दादा माझ्याकडे सरकवायचा. ‘सुमाने वाचलंय ना? मग झालं.’ शेजारीपाजारीही कागद घेऊन यायचे. मला त्याचा अभिमान होता. फार होता. आता तो शब्द लिहितानाही तोंड कडू होतं.

आणि विनूभाऊ. दादाचे शाळेपासूनचे मित्र. एसटीत कंडक्टर होते. आयुष्य माणसांशी बोलण्यात गेलं, त्यामुळे निवृत्तीनंतर काय करायचं हा प्रश्न त्यांना पडलाच नाही — ते बोलतच राहिले. कोणाची सून माहेरी जाऊन बसली, कोणाच्या कलमांना यंदा मोहोरच नाही, कोणत्या डॉक्टरचं नि कंपाउंडरचं वाजलं, सगळं त्यांना माहीत आणि त्यांच्यामुळे सगळ्या आळीला माहीत. कोपऱ्यावर त्यांची स्कूटर वाजली की दादा पेपर खाली ठेवायचा.

‘आलं बघ वार्तापत्र.’

‘अरे, पेपर तुला उद्या सांगणार ते मी आज सांगतो, फुकट!’ विनूभाऊ पायरीवरूनच ओरडायचे. ‘गो सुमा, चहात दूध घाल हां जरा. तुमच्या घरातला चहा म्हणजे काढा असतो मेला.’

त्यांच्या पोटात काही राहत नाही हे ते स्वतःच हसत सांगायचे. हसण्यावारीच होतं तेव्हा सगळं.

मग पौषात दादाचं पोट दुखायला लागलं. पुष्कळ दिवस त्यानं अंगावर काढलं. विनूभाऊंनीच त्याला एसटीत घालून कोल्हापूरला नेलं, तपासण्या करवल्या, आणि निकाल आणायलाही तेच बरोबर गेले. परत आले तेव्हा दोघंही व्हरांड्यात बसून राहिले, चपला न काढता. विनूभाऊ गप्प होते. त्यांना गप्प मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि दादा बोलायच्या आधीच मला कळलं.

स्वादुपिंडाचा कर्करोग. पसरलेला.

दादानं एकच मागितलं. शिमग्यापर्यंत हे तिघांच्या बाहेर जाता कामा नये. मंदारलासुद्धा नको. कळलं की तो रजा टाकून येईल, मुंबईला उचलून नेईल, आणि मग सुया, नळ्या, पांढऱ्या चादरी. त्यालाही दादाची ना नव्हती, पण नंतर. त्याआधी त्याला गावी जाऊन एक शिमगा करायचा होता. पालखी घरी येते, मुंबईचे सगळे जमतात, ढोल वाजतो, कोणी कोणाची टर उडवतो — त्या गर्दीत त्याला नेहमीसारखं उभं राहायचं होतं. कोणी खुर्ची पुढे करू नये. कोणी आवाज हळू करून बोलू नये. ‘एक शिमगा माणूस म्हणून करतो, मग रोगी होतो,’ असं तो म्हणाला. ‘शिमगा आटोपला की मीच मंदारला सांगेन.’

विनूभाऊंनी गळ्याला हात लावला. शपथ घेतली.

‘गळ्याचं काय नाही रे, मला तुझ्या पोटाची भीती आहे,’ दादा म्हणाला. कोणी हसलं नाही.

आणि मी? माझ्याकडून त्यानं शपथ घेतली नाही. माझ्याबद्दल त्याला शंकाच नव्हती.

आता कॉम्प्युटरचं सांगायला हवं. हसू नका. एवढ्या मोठ्या दुःखात कॉम्प्युटर कुठून आला असं वाटेल. पण तो आलाच.

आमचा कॉम्प्युटर जुना. मंदारनं घेऊन दिलेला आणि त्यानंच चालू करून दिलेला, स्वतःच्या खात्यावर — बाबांना पासवर्ड लक्षात राहत नाहीत म्हणून. आम्हाला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. दादा तसा सावध. वरच्या कॅमेऱ्यावर त्यानं औषधाची चिकटपट्टी लावून ठेवली होती, बँकेचं काही त्यात कधी केलं नाही. पण मुंबईच्या एका डॉक्टरांचं मत घ्यायचं होतं, त्यांना पाठवण्यासाठी रिपोर्टांचे फोटो काढून मीच ते कॉम्प्युटरमध्ये ठेवले होते. ज्या कप्प्यात ठेवले त्याला दादानं नाव दिलं होतं ‘कलमांची फवारणी’. आमच्या घरात फवारणी उघडून बघणारं कोण होतं?

माघात रोज सूचना यायला लागली. तुमची ही जुनी सिस्टीम आता सुरक्षित राहणार नाही, नवी घाला. चौकट मिटवावी तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. दादाचं मन नव्हतं. ‘चाललंय ते बरं चाललंय.’ पण मला त्या ‘सुरक्षित नाही’ शब्दांनी अस्वस्थ वाटायचं. रिपोर्ट आत आहेत, कोणी बाहेरचा शिरला तर? म्हणजे पाहा — मी ते त्याच्या गुपितासाठीच करायला निघाले होते. नाही, हे खोडायला हवं. ही पळवाट झाली. राहू दे, लिहिलंय तर. पण तुम्ही ती धरू नका.

‘वाचून कर हो,’ दादा म्हणाला. ‘काय विचारतं, कुठे काय पाठवतं, सगळं बघ. ते कागद आत आहेत.’

‘वाचते रे.’

सकाळभर ते यंत्र आपलं आपण गोल फिरत बसलं. मग प्रश्न सुरू झाले. एकामागून एक निळे पडदे, इंग्रजीत, लांब लांब वाक्यं. तुम्ही कुठे आहात ते आम्हाला कळू द्यायचं का? तुम्ही काय लिहिता-टाइप करता ते सुधारणेसाठी पाठवायचं का? सुरुवातीचे मी नीट वाचले. दोन ठिकाणी ‘नको’ म्हटलं. मनात स्वतःला शाबासकीही दिली. तेवढ्यात दारावर मासेवाली आली — ‘ओ ताई, बांगडे हायत, आताचे!’ दादाला त्या दिवसांत चार घास जायचे ते बांगड्याच्या तिखल्याबरोबरच. मी गेले, घेतले, हात धुऊन परत आले, तर पडदा तसाच वाट पाहत थांबलेला. खाली निळं बटण. दाबलं. पुढचा पडदा. दाबलं. आणखी एक. तोही. माशांना मीठ लावायचं होतं.

काय होतं त्या पडद्यांवर? मी वाचलं नाही. जन्मभर पुस्तकाच्या मलपृष्ठावरची ओळसुद्धा न सोडणाऱ्या मी — ते वाचलं नाही.

संध्याकाळपर्यंत घरात नुसता गोंधळ. सगळी चिन्हं कोपऱ्यातून उठून मधोमध येऊन बसली. प्रिंटर ओळख देईना. न मागता कुठल्या कुठल्या बातम्या आणि जाहिराती. सगळ्यात वाईट म्हणजे दादानं त्याचं सातविणीवरचं लिखाण उघडलं आणि मराठीच्या जागी सगळा इंग्रजी अक्षरांचा, कंसांचा, आकड्यांचा चिखल. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेलं होतं ते, आणि नव्या सिस्टीमला तो फॉन्ट ठाऊकच नव्हता.

‘सुमा, माझं मराठी कुठे गेलं गं?’

हे तो ज्या आवाजात म्हणाला तो आवाज अजून कानात आहे. मी तो फॉन्ट जुन्या सीडीत शोधला, घातला. सातवीण परत आली. दादा इतका खूश झाला की त्यानं पाठीवर थाप मारली. ‘वाचणाऱ्या माणसाचं असं असतं.’ मी नको नको म्हटलं नाही. घेतली ती थाप.

दोन दिवसांनी त्याला फाइलींच्या नावांशेजारी छोटे छोटे ढग दिसले.

‘हे काय? माघात ढग नकोत बाई, तुडतुडे पडतील मोहोरावर.’ मग जरा वाकून, ‘कसली खूण गं ही?’

‘नव्या सिस्टीमची असेल. सगळीकडे असते ती.’

मला माहीत नव्हतं. ‘माहीत नाही, बघते’ एवढंच म्हणायचं होतं. का नाही म्हटलं? पाठीवरची थाप अजून उबदार होती म्हणून. याहून मोठं कारण मला सापडलेलं नाही, आणि मी पुष्कळ शोधलं आहे.

शिमग्याला आम्ही गावी गेलो. मंदार, सून, नातू आधीच आले होते. आम्ही बसमधून उतरताच मंदारनं दादाच्या हातातली पिशवी घेतली. नेहमी घेतो तशी नाही — झटकन, जपून, जणू तिच्यात काचेचं काही आहे. जेवताना सुनेनं दादाच्या पानात मऊ भात वाढला, न विचारता. दादानं माझ्याकडे पाहिलं. मी पानाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पालखी आली. तुम्ही आमच्याकडचा शिमगा पाहिला नसेल तर सांगते — पालखी घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, टेकते, घरच्या बायका ओटी भरतात, आणि मग त्या घराच्या वतीनं कोणी जाणता माणूस देवापुढे गाऱ्हाणं घालतो. घरातलं सगळं, बरं-वाईट, मोठ्यानं देवाच्या कानावर घालायचं, आणि जमलेल्या सगळ्यांनी प्रत्येक मागणीला होकार द्यायचा. आमचं गाऱ्हाणं आबा घालतात, आमचे चुलतभाऊ. भाबडा माणूस. देवापुढे उभे राहिले की त्यांच्या अंगात वेगळंच बळ येतं.

‘बा म्हाराजा, आज तू तुझ्या लेकरांच्या खळ्यात आलास, जी काय येडीवाकडी सेवा केली ती मानून घे रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘मुंबयला जी पोरंबाळं हायत त्यांच्या नोकरीधंद्याला बरकत दे रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘आनि हा जो तुझा लेकरू, आमचा मास्तर, त्याच्या पोटात जो काय कॅन्सरचा रोग बसलाय, तो मुळासकट उपटून समिंदरापार कर रे म्हाराजा!’

खळ्यात अख्खी वाडी होती. पुढे उभ्या असलेल्या बाईनं तोंडावर पदर घेतला. मग कुठूनतरी एक-दोन आवाज आले — व्हय म्हाराजा — आणि मग सगळे. दादा पालखीपुढे हात जोडून उभा होता. त्यानंही म्हटलं. सगळ्यांबरोबर, स्पष्ट आवाजात. ते मी ऐकलं.

त्यानंतर कोणीतरी खुर्ची आणली. तो बसला.

ते मी कितीतरी वेळा आठवते — खुर्ची पुढे आली आणि तो बसला, एवढंच.

पालखी पुढच्या घरी गेली. मी विहिरीपाशी हात-पाय धुवायला गेले, तर मंदार मागोमाग आला. रडत होता. ‘आत्या, मी आबाकाकांना फक्त मनातल्या मनात सांगा म्हटलं होतं देवाला. ते असं मोठ्यानं —’ मी विचारलं, तुला कुठून कळलं? तो म्हणाला, फोटोंतून. पंधरा-वीस दिवसांपूर्वी त्याच्या फोनवर आपोआप फोटो यायला लागले, घरच्या कॉम्प्युटरमधले. बागेतली झाडं, वहिनींचे जुने फोटो, आणि त्यांच्या मधोमध रिपोर्ट. फोननं त्या सगळ्यांची मिळून एक चित्रमाला केली होती, संगीत लावून. ‘नव्या आठवणी’ असं वर नाव. त्याला वाटलं, बाबांनीच टाकले असतील चुकून. किंवा मुद्दाम — तोंडानं सांगवत नसेल म्हणून. म्हणून तो त्यांनी बोलायची वाट पाहत राहिला.

मला ते निळं बटण दिसलं. माशांचा वास आला. खरंच आला.

तेव्हा मी मंदारला काय म्हटलं ते सांगते. मी म्हटलं, ‘कॉम्प्युटरचं बाबांना बोलू नकोस. त्यांना वाटेल आपल्याच चुकीनं गेलं, फार लागेल त्यांच्या मनाला.’ किती मायेनं म्हटलं! त्यानं डोळे पुसले आणि मान हलवली. बिचाऱ्याला माझी माया खरी वाटली.

दुपारी दादा माजघरात भिंतीला टेकून बसला होता. मंदारला त्यानं विचारलं, तुला कोण बोललं? मंदारनं माझ्याकडे पाहिलं. ‘कळलं, बाबा. कोणाकडून ते सोडा ना.’ मंदार बाहेर गेला. आम्ही दोघंच राहिलो. दादानं मंदार गेला त्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला —

‘सुमा, त्या मशीनमधून तर नाही ना गेलं काही? तू ते नवीन घातलंस तेव्हा?’

पाहा, त्यानं दार उघडून दिलं होतं. मला फक्त त्यातून जायचं होतं. हो म्हणायचं होतं. तो रागावला असता का? नसता. मला ओळखून होता तो. कदाचित म्हणाला असता, अगं, तूसुद्धा? आणि तेच मला नको होतं. ते ‘तूसुद्धा’.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘सगळं वाचून केलंय मी.’

त्यानं मान हलवली. ‘मग विनूच.’

मी काही बोलले नाही.

हाच तो गुन्हा. इतका लहान. तिथे बसून, भावाच्या तोंडासमोर, मी एका निरपराध माणसाला उचलून दिलं. एका शब्दानं तेव्हा सगळं फिरलं असतं, आणि तो शब्द माझ्याकडे होता. आणि विनूभाऊ — आयुष्यात एक गोष्ट ज्या माणसानं पोटात ठेवली, जिवाच्या मित्रासाठी, महिना-दोन महिने, किती जड गेलं असेल त्यांना! त्याच गोष्टीसाठी.

रत्नागिरीला परतल्यावर पहिल्याच दिवशी, दादा दुपारी झोपला असताना, मी कॉम्प्युटर उघडला. तेव्हा मात्र सगळं वाचलं. ओळन् ओळ. कुठे काय जातं, मंदारच्या खात्यात कसं जातं, कसं बंद करायचं. बंद केलं. तिकडचे फोटो पुसले. ढग गेले. इतकं व्यवस्थित केलं की कोणाला माग लागू नये. वाचता येत होतं मला — हे तेव्हा सिद्ध झालं.

विनूभाऊ संध्याकाळी आले. स्कूटर वाजली. दादानं पेपर खाली ठेवला नाही.

‘सांग, झोपलोय.’

मी बाहेर गेले. सांगितलं. विनूभाऊंच्या कानावर गावाकडची हकीकत आली होती — आळीत ती येऊन पोचली होतीच, कोणीतरी त्यांना तोंडावर बोललंही होतं, ‘अखेर फुटलंच ना तुमचं पोट!’ ते पायरीवर उभे राहिले, टोपी हातात.

‘गो सुमा, मी नाय बोललो. आईच्यान नाय बोललो. घरात बायकोला नाय सांगितलं मी.’ ते एक पायरी वर आले. ‘तू तरी सांग गो त्याला. तुझं ऐकेल तो.’

‘नंतर या, विनूभाऊ,’ मी म्हटलं. ‘आता त्याला बोलवत नाही.’

ते आणखी कितीतरी वेळा आले. प्रत्येक वेळी मी बाहेर गेले. प्रत्येक वेळी एक नवं वाक्य शोधलं. पुढे ते वर यायचे बंद झाले. फाटकाच्या आत पिशवी ठेवून जायचे. तिच्यात कुळथाचं पीठ असायचं, घरी भाजून दळलेलं. दादाला दुसरं काही पचेना तेव्हा कुळथाची पिठी तेवढी जायची. मी ती करून द्यायची. ‘चांगलं पीठ आहे, कुठून आणलंस?’ त्यानं एकदा विचारलं. मी म्हटलं, दुकानातून.

मुंबईला जाणं झालंच नाही. डॉक्टरांनीच मंदारला सांगितलं, उगाच हलवू नका. आषाढ संपता संपता दादा बिछान्याला लागला. एका दुपारी पाऊस उघडला होता आणि फाटकाशी स्कूटर थांबल्याचा आवाज आला. दादानं डोळे उघडले.

‘विनू वाटतं.’

‘बोलवू?’ मी म्हटलं. इतकं तरी म्हटलं.

त्यानं डोळे पुन्हा मिटले. ‘नको. त्याला लाजल्यासारखं होईल माझ्यासमोर.’

रागात नव्हता तो. मला हेच सांगायचं आहे — राग कधीच निवळला होता. त्याला मित्राला अवघडवायचं नव्हतं, एवढंच. मी बिछान्याशेजारी स्टुलावर बसले होते. त्याचा हात माझ्या हातात होता. स्कूटर चालू झाली, कोपऱ्यावर वळली, आवाज गेला. त्या वेळातसुद्धा मी सांगू शकले असते. पुरेसा वेळ होता.

श्रावणात दादा गेला. विनूभाऊ आले होते. गर्दीच्या मागे, भिंतीला लागून उभे राहिले. खांदा द्यायला पुढे आले नाहीत, आणि कोणी त्यांना बोलावलंही नाही. मी दारातून पाहत होते. मी बोलावू शकले असते.

त्याला वर्ष होऊन गेलं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी अंगणात तगरीची फुलं काढत होते. विनूभाऊ चालत आले. स्कूटर विकली म्हणाले, डोळ्यांना कमी दिसतं. फार बारीक झाले आहेत. आणि बोलत नाहीत ते हल्ली. बाजारात दिसले की लोक चिडवतात, काय विनूशेठ, बातम्या बंद? ते हसतात आणि पुढे जातात. सुरुवात करतात कशाची तरी आणि मध्येच थांबतात — मी पाहिलं आहे.

मी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत.

‘सुमा, एक बोलायचं होतं. त्याच्या श्राद्धाच्या आधी.’ ते फुलांच्या परडीकडे पाहत होते. ‘मी वर्षभर आठवून बघतोय गो. मला खरंच आठवत नाय कोणाला बोलल्याचं. पण तिघांनाच माहीत होतं. तू तर बोलणार नाहीस. तो बोलला नाही. मग मीच बोललो असेन ना कधीतरी? कुठेतरी चहाबिहा पिताना, तोंडातून गेलं असेल. माझं तोंडच तसलं. त्याची क्षमा मागायची राहून गेली, म्हणून तुझी मागतो.’

आणि त्यांनी हात जोडले. माझ्यापुढे.

तुम्हाला वाटेल, आता तरी. मलाही वाटलं होतं, क्षणभर. ओठ उघडले होते मी.

‘असू दे, विनूभाऊ,’ मी म्हटलं. ‘झालं गेलं. आम्ही मनात काही ठेवलेलं नाही.’

त्यांचा चेहरा एवढा हलका झाला की मला पाहवेना. दोन तगरीची फुलं त्यांनी परडीतून मागून घेतली, दादाच्या फोटोला वाहिली, आणि गेले. ते पलीकडच्या आळीतच राहतात. मी हे तुम्हाला सांगते आहे, त्यांना नाही, हेही तुमच्या लक्षात आलंच असेल.

मी त्यांना माफ केलं. माझ्या हातून हे झालं आहे.